हत्यार कोणाच्या हाती? : बस्तरच्या सलवा जुडूमची हकिगत

सीताबर्डीच्या किल्ल्याखाली ज्याचे घर आहे, त्याला १८१७ सालची लढाई निराळी सांगावी लागत नाही. २६ नोव्हेंबरच्या सायंकाळी ती सुरू झाली, दुसऱ्या दिवशी दुपारी संपली, आणि तिच्याबरोबर नागपूरकर भोसल्यांचे स्वातंत्र्यही संपल्यासारखेच झाले. शाळेच्या पुस्तकात हकिगत बहुधा येथेच थांबते. परंतु तिच्या पुढचा महिनाही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आप्पासाहेबांच्या फौजेत पगारी अरबांचे मोठे पथक होते, आणि टेकडीवर खरी झुंज दिली ती त्यांनीच. १६ डिसेंबरला आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले, फौज मोडली, तोफा गेल्या. पण अरब शहर सोडीनात. धनी शरण गेला तरी चाकर शरण जाईनात. त्यांना पगाराची बाकी हवी होती आणि सुखरूप बाहेर पडण्याची हमी हवी होती. २४ तारखेला इंग्रजांनी त्यांच्यावर हल्ला केला, तो फसला. अखेर अटी मान्य झाल्या तेव्हा ३० डिसेंबरला ते बायकामुलांसह शहराबाहेर पडले. ज्या राजाने त्यांना पदरी ठेवले, त्याचाच शब्द त्यांच्यापाशी चालेनासा झाला होता; आणि मधल्या दोन आठवड्यांचा जाच सोसला तो ज्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता, त्या शहरच्या रयतेने.

ही जुनी गोष्ट आज काढण्याचे कारण असे, की राज्याने आपल्या शिस्तीबाहेरच्या माणसाच्या हाती हत्यार दिले म्हणजे पुढे काय होते, हा प्रश्न १८१७ बरोबर संपलेला नाही. आपल्या नागपूरच्या पूर्वेस, एकेकाळी याच शहरातून ज्याचा कारभार चालत असे त्या बस्तरात, २००५ पासून पुढे तो प्रश्न फार भयंकर रूपाने उभा राहिला. त्याची हकिगत आज मी आपणांपुढे मांडणार आहे.

कम्युनिस्टांच्या पारिपत्यासाठी सामान्य नागरिकांनी शस्त्र उचलावे, ही कल्पना मुळात बस्तरची नव्हे. अमेरिकेत १९६० च्या सुमारास मिसूरी प्रांतातील रॉबर्ट डिप्यू नावाच्या एका गृहस्थाने ‘मिनिटमेन’ या नावाची संघटना उभारली. हे गृहस्थ जनावरांच्या औषधांचा कारखाना चालवीत. संघटनेचे नाव त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात हाक येताच बंदूक घेऊन धावणाऱ्या शेतकऱ्यांवरून घेतले. कम्युनिस्ट आज ना उद्या देश घशात घालणार, सरकारही आतून पोखरले गेले आहे, तेव्हा आपणच शस्त्रे साठवून तयार राहिले पाहिजे, अशी या मंडळींची समजूत होती. १९६६ साली शस्त्रांच्या कायद्याखाली डिप्यूंस शिक्षा झाली आणि संघटना विस्कळीत झाली. पण तिच्यातलीच काही माणसे पुढे सॅन डिएगो शहरात ‘गुप्त सेना’ म्हणून एकत्र आली. १९७२ च्या जानेवारीत त्यांनी एका डाव्या विचाराच्या प्राध्यापकाच्या घरावर गोळ्या झाडल्या. एक तरुणी जखमी झाली. पुढे चौकशीत जे उघडकीस आले ते ऐकून अमेरिकन नागरिक चकित झाले. गोळीबाराच्या वेळी मोटारीत असलेला एक पुढारी हा केंद्रीय तपास खात्याचा पगारी खबऱ्या होता, आणि ती बंदूक त्याच खात्याच्या एका अधिकाऱ्याने कित्येक महिने आपल्या घरी लपवून ठेविली होती.

अमेरिकेत राज्याचा हात असा पडद्यामागे होता. बस्तरात तो उघड होता, आणि म्हणूनच ती हकिगत अधिक विचार करण्यासारखी आहे.

बस्तर हे नाव नागपूरकराला परके वाटू नये. तेथील राजे भोसल्यांना टाकोळी देत. १ जानेवारी १९४८ रोजी बस्तर आणि कांकेर ही संस्थाने मध्यप्रांतात विलीन झाली, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बस्तरच्या जिल्हाधिकाऱ्याची कागदपत्रे नागपूरच्या सचिवालयात येत असत. आजही इंद्रावती नदीच्या अलीकडे आपला गडचिरोली जिल्हा आणि पलीकडे छत्तीसगडचा विजापूर जिल्हा आहे. दोन्ही काठांवर एकच माडिया-गोंड समाज राहतो. सोयरीक नदीच्या दोन्ही तीरांवर होते.

१९८० च्या सुमारास आंध्रातून गोदावरी ओलांडून नक्षलवाद्यांची पहिली पथके सिरोंचा भागात आणि बस्तरात शिरली. त्यांना थारा का मिळाला, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. तेंदूच्या पानाला व्यापारी कवडीमोल भाव देत. जंगलखात्याचा गार्ड कोंबडी आणि लाच घेतल्यावाचून माणसाला लाकडाची काडी उचलू देत नसे. तेंदूचा दर वाढवून देणारा आणि गार्डाला दटावणारा माणूस वनवासी लोकांना आपला वाटला, यात नवल नाही. परंतु पुढे त्याच माणसाने आपले राज्य मांडले. स्वतःचे न्यायासन, स्वतःचा कर, पंचायतीच्या निवडणुकीस बंदी, आणि ज्याच्यावर खबरेगिरीचा संशय येईल त्याला सर्व गावादेखत मरण. जुलमाच्या विरुद्ध आलेली शक्ती स्वतः जुलमी होते, हा इतिहासाचा नेहमीचाच अनुभव तेथे आला.

याची प्रतिक्रिया उमटणारच होती. १९९०-९१ मध्ये ‘जनजागरण अभियान’ या नावाने ती एकदा उमटून विरली. त्यातले एक प्रमुख पुढारी महेंद्र कर्मा; हे स्वतः आदिवासी, आणि १९८० साली कम्युनिस्ट पक्षातर्फेच आमदार झालेले, पुढे काँग्रेसमध्ये गेलेले. २००५ च्या जूनमध्ये विजापूरकडील कुटरू भागात नक्षलवाद्यांच्या जाचाला कंटाळलेल्या काही गावांनी सभा भरविल्या, तेव्हा कर्मा पुन्हा पुढे आले. ते त्या वेळी छत्तीसगड विधानसभेत विरोधी पक्षाचे नेते होते. राज्यावर भारतीय जनता पक्षाचे सरकार होते. एरवी ज्यांचे कशावरही एकमत होत नसे, त्या दोन पक्षांचे या एका गोष्टीवर एकमत झाले. चळवळीला ‘सलवा जुडूम’ हे गोंडी नाव मिळाले. सरकारने त्याचा अर्थ ‘शांतियात्रा’ असा सांगितला. पण गोंडीत ‘जुडूम’ म्हणजे सगळ्या गावाने मिळून केलेली शिकार. नावातच पुढचा सगळा इतिहास होता असे म्हणावे लागते.

त्याच जून-जुलैमध्ये टाटा आणि एस्सार या कंपन्यांशी बस्तरात पोलादाचे कारखाने काढण्याचे करार सरकारने केले होते. काही अभ्यासक या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध जोडतात. सरकारने तो नाकारला. तो वाद बाजूस ठेवला तरी प्रत्यक्षात काय घडले ते पुरेसे बोलके आहे.

जुडूमचा जथा पोलिसांसह एखाद्या गावी जाई. जे सामील होतील त्यांनी घरदार सोडून सडकेच्या कडेला उभारलेल्या छावणीत यावयाचे. जे येणार नाहीत ते नक्षलवाद्यांचे, असा हिशेब. मधली जागाच उरली नाही. आपल्या शेतावर राहून कोणाच्याही भानगडीत न पडणारा माणूस दोन्ही बाजूंचा शत्रू ठरला. गावे जाळली गेली, धान्य लुटले गेले, माणसे मारली गेली. सुमारे पन्नास हजार माणसे छावण्यांत आली; आणखी हजारो जंगलात किंवा गोदावरीपलीकडे आंध्रातील खम्मम जिल्ह्यात पळाली. पुढे न्यायालयात अर्जदारांनी ओस पडलेल्या गावांचा आकडा ६४४ सांगितला.

नक्षलवाद्यांनी याचा सूड घेतला तो तितकाच निर्घृण. १७ जुलै २००६ च्या रात्री एर्राबोरच्या छावणीवर त्यांनी हल्ला केला. तिशीहून अधिक माणसे मेली, त्यांत मुलेही होती. १५ मार्च २००७ रोजी राणीबोदलीच्या पोलीस ठाण्यावर पंचावन्न जण मारले गेले. त्या पंचावन्नांपैकी एकोणचाळीस हे ‘विशेष पोलीस अधिकारी’ होते.

या शब्दाकडे श्रोत्यांनी जरा लक्ष द्यावे. ‘विशेष पोलीस अधिकारी’ असे भारदस्त नाव ऐकून आपल्या डोळ्यांपुढे कोणी मोठा अंमलदार उभा राहील. वस्तुतः हे छावण्यांतून आणि खेड्यांतून उचललेले आदिवासी तरुण. आरंभी दरमहा दीड हजार, पुढे तीन हजार रुपये मानधन, आणि त्या मानधनाचा बहुतेक भार केंद्र सरकारवर. २०१० मध्ये त्यांची संख्या तीन हजार होती, २०११ मध्ये ती साडेसहा हजारांवर गेली. त्यांच्यात अठरा वर्षांच्या आतील मुलेही आहेत, असे ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २००८ साली जाहीर केले होते.

आता चौकशीकडे वळू. २००७ मध्ये प्राध्यापिका नंदिनी सुंदर, इतिहासकार रामचंद्र गुहा आणि माजी सनदी अधिकारी ई. ए. एस. शर्मा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. करतम जोगा आदी बस्तरच्या आदिवासींचाही अर्ज होता. न्यायालयाच्या सांगण्यावरून २००८ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तपास केला. जुडूम ही नक्षलवाद्यांच्या अत्याचारांतून उठलेली लोकांची प्रतिक्रिया होय, आणि पुष्कळ आरोपांना पुरावा मिळत नाही, असे त्याच्या अहवालात म्हटले होते. तरीही काही ठिकाणी जुडूमने आणि विशेष पोलिसांनी घरे जाळली व लूट केली, हे त्यालाही नमूद करावे लागले. या तपासावर एक आक्षेप आला तो असा, की तपास करणारे पथक पोलीस अधिकाऱ्यांचेच होते, आणि पोलिसांच्या गराड्यात उभा राहून पोलिसांविरुद्ध साक्ष देणारा खेडूत विरळा. हा आक्षेप मला योग्य वाटतो.

प्रकरण चालू असतानाच, २०११ च्या मार्चमध्ये, मोरपल्ली, तिमापुरम आणि ताडमेटला ही तीन गावे जळाली. माणसे मेली, स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी झाल्या. मदत घेऊन निघालेल्या स्वामी अग्निवेश यांना दोरनापाल येथे जमावाने अडवून मारहाण केली. आणि मग ५ जुलै २०११ रोजी न्यायमूर्ती सुदर्शन रेड्डी आणि न्यायमूर्ती निज्जर यांनी निकाल दिला.

श्रोतेहो, मी कायद्याचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेत लागलो आणि बरीच वर्षे पाचवीचा वर्ग चालविला. म्हणूनच त्या निकालातील एका भागापाशी मी थबकलो. विशेष पोलिसांची निवड आणि शिक्षण कसे होते, याचे वर्णन छत्तीसगड सरकारने प्रतिज्ञापत्रावर दिले होते. पाचवी उत्तीर्ण झालेल्या उमेदवारास पसंती. शिक्षणाचा काळ दोन महिने. त्यात भारतीय दंडविधान, फौजदारी प्रक्रिया संहिता, पुराव्याचा कायदा आणि इतर किरकोळ कायदे यांना मिळून चोवीस तास. मानवी हक्क आणि राज्यघटना यांना बारा तास. शास्त्रीय तपासाची साधने यांना सहा तास. बस्तरच्या चालीरीतींना नऊ तास.

पाचवीचा मुलगा म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. त्याला त्रैराशिकाचे गणित तीनदा समजावून सांगावे लागते. चौथ्या दिवशी तो पुन्हा विसरतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. चोवीस तासिकांत मी अपूर्णांकांची बेरीजवजाबाकी पुरी करू शकलो नाही. त्या तेवढ्या वेळात एका खेड्यातील पोराला, तेही त्याच्या मातृभाषेत नसलेल्या पुस्तकांवरून, कोणास पकडावे, कोणावर गोळी झाडता येते, पुरावा कशास म्हणावे, हे शिकविल्याचे सरकार न्यायालयास शपथेवर सांगत होते. न्यायमूर्तींनी यावर जो संशय प्रकट केला, तो प्रत्येक शिक्षकाच्या मनातला होय. त्यांनी याहून खोल गोष्टही सांगितली. ज्याचा भाऊ नक्षलवाद्यांनी मारला, ज्याचे घर गेले, त्याच्या मनातील संतापावरच ही भरती उभारलेली आहे. राज्याने अशा संतापाला विवेकाचे वळण लावावयाचे, की त्याच्या हाती बंदूक द्यावयाची?

सरकारचेच आकडे पाहा. एकशे त्र्याहत्तर विशेष पोलीस मारले गेले होते, आणि सुमारे बाराशेंना गैरवर्तन किंवा कामचुकारपणा यांसाठी काढून टाकले होते. ज्यांना मरावयास पुढे केले, त्यांनाच बेशिस्त म्हणून हाकलूनही दिले. न्यायालयाने ठरविले की ही व्यवस्था कायद्यापुढील समानता आणि जीविताचा हक्क या दोहोंचा भंग करते. नक्षलवाद्यांविरुद्धच्या लढाईत विशेष पोलिसांचा उपयोग थांबवावा, त्यांची शस्त्रे परत घ्यावी, केंद्राने त्यासाठी पैसा देऊ नये, आणि मार्चमधील जाळपोळीचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाने करावा, असा हुकूम झाला. शिवाय, ज्यांची शस्त्रे घेतली जातील त्यांच्या जिवाचे संरक्षण सरकारने करावे, असेही बजावले. शेवटचे कलम दयाबुद्धीचे होते. कारण हत्यार काढून घेतल्यावर त्या मुलाला नक्षलवादी सोडणार नव्हते.

याच प्रकरणात शाळांचाही प्रश्न निघाला, तो मला विसरता येत नाही. सुरक्षादलांनी शाळांच्या इमारतींत मुक्काम ठोकले होते, आणि दले तेथे राहतात म्हणून नक्षलवादी शाळा सुरुंगाने उडवीत. इमारती रिकाम्या करा, असे न्यायालयास पुन्हा पुन्हा सांगावे लागले. पाचवीपर्यंत शिकविणारी शाळा मोडावयाची, आणि पाचवी उत्तीर्ण झालेल्यास बंदूक द्यावयाची, असा हा कारभार.

निकालानंतर काय झाले, ते मी थोडक्यात सांगतो. छत्तीसगडने २०११ मध्येच साहाय्यक सशस्त्र पोलीस दलाचा कायदा केला आणि बहुतेक विशेष पोलिसांस अधिक पगारावर त्या दलात सामावून घेतले. नाव पालटले, माणसे तीच राहिली. २५ मे २०१३ रोजी झीरम घाटीत नक्षलवाद्यांनी काँग्रेसच्या ताफ्यावर हल्ला केला आणि महेंद्र कर्मा यांस ठार मारले. ताडमेटल्याच्या तपासास पाच वर्षे लागली. तपास पथकाला बस्तरात काम करणे दुर्घट झाले, आणि अखेर २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये सात विशेष पोलिसांवर आरोपपत्र दाखल झाले. त्याच महिन्यात बस्तरातील गणवेशधारी पोलिसांनीच नंदिनी सुंदर आदी मंडळींचे पुतळे जाळले. १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणातील अवमानाचा अर्ज निकालात काढला. विधिमंडळाने कायदा करणे हा न्यायालयाचा अवमान होत नाही, असे त्यात सांगितले. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती हा मोठा माओवादी पुढारी साठ साथीदारांसह आपल्या गडचिरोलीतच शरण आला.

काही श्रोते विचारतील, की नक्षलवादी जर हटत चालले, तर जुडूम चुकला कसा म्हणावयाचे? याचे उत्तर इंद्रावतीच्या अलीकडच्या काठावर मिळते. गडचिरोलीतही नक्षलवादी होते. तेथेही माणसे मारली गेली, १९८० पासून आजवर. महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक तरुणांचेच ‘सी-६०’ हे दल उभारले. परंतु ते तरुण नियमित पोलिसांत भरती झालेले होते. त्यांना पूर्ण पगार, बिल्ल्याचा क्रमांक, वरिष्ठांचा अंमल आणि खात्याची शिक्षा लागू होती. या दलावरही आक्षेप आलेले आहेत, आणि ते हलके नव्हेत. पण आक्षेप घ्यावयाचा तर कोणाविरुद्ध घ्यावा, हे तेथे ठाऊक असते. जुडूमने गाव जाळले, तर सरकार म्हणे तो लोकांचा उठाव. लोकांचे पुढारी म्हणत सरकारचा पाठिंबा आहे. आणि जळालेल्या घराचा मालक तक्रारीचा कागद घेऊन उभा राही, तो कोणत्या दारात? चौकशीला सहा, आठ, दहा वर्षे लागली त्याचे हेच एक मोठे कारण. हत्यार कोणाचे, हेच आधी ठरवावे लागले.

सीताबर्डीच्या त्या अरबांची गोष्ट मी आरंभी सांगितली. त्यांनी अटी घातल्या, बायकामुले बरोबर घेतली, आणि ते निघून गेले. त्यांना जाण्यास दुसरा मुलूख होता. बस्तरच्या विशेष पोलिसाला दुसरा मुलूख नाही. ज्या गावात त्याने घर जाळले, त्याच गावात त्याची बहीण दिलेली असते. मानधन बंद झाले, नाव पालटले, दल बदलले, तरी बाजाराच्या दिवशी त्याची गाठ त्याच माणसांशी पडावयाची. त्या दोघांना पुन्हा एका पारावर बसविण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे. ते ना न्यायालयाच्या हुकुमाने होईल, ना बंदुकीने. तेथे पुन्हा शाळा उघडाव्या लागतील, आणि तेथील पाचवीच्या पोराला पाचवीतच राहू द्यावे लागेल.